वरच्या दोरीपर्यंतचा प्रवास

सुमे, जवळ ये. निदान हा कागद तरी जवळ धर. सख्खी धाकटी बहीण ना तू माझी? मग गुडघ्याला पट्टा बांधून घरात बसतेस आणि फोनवर मला "बरी आहे गं" कसं सांगतेस? शोभतं का हे? आता मुकाट्यानं ऐक, मी शहरात हाटकेशला जाऊन सुया कशा टोचून घेतल्या ते.

तुला माहीतच आहे, बोंबलांचा हंगाम आला की आमचं अख्खं तारोडी गाव वलांडीशी (बोंबील सुकवायची बांबू-दोऱ्यांची मांडणी) उभं असतं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. लग्न होऊन आल्यापासून वरची दोरी माझी. यंदा उजवा खांदा असा धरला की हात कानापर्यंत जाईना. सून म्हणाली, "आई, तुमी खाली बसून जोड्या लावा. वर मी हाय ना."

चांगल्या मनानं बोलली गं पोरगी. पण मला रात्रभर झोप नाही. एकदा खाली बसलेल्या बाईला कोण पुन्हा वर बोलावतं?

डॉक्टरांनी फोटो काढला. हाड ठीक होतं, सांधा आखडला होता. गोळ्या संपल्या, कळ तशीच. मग पूनम सागरला राहणारी पुतणी म्हणाली, "काकू, अ‍ॅक्युपंक्चर करून बघ." लेक हसला, "जाळं शिवायची सुई हाय की घरात. मीच टोचतो!"

गेले मी. सकाळची बस, राई-मुर्ध्याच्या मिठागरांवर बगळे, भाईंदरला उतरून रिक्षा. हाटकेशच्या इमारती बघायला मान वर केली तर खांदाच ओरडला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय खाऊन आलात?"

मी ऐटीत म्हटलं, "पाण्याचा थेंबसुद्धा नाही." रक्त तपासायला आपण उपाशी जातो ना, मला वाटलं इथंही तसंच.

"अहो आजी, उपाशीपोटी सुया लावल्या तर चक्कर येईल. आधी खा, मग या."

खायचं काय? पिशवीत डॉक्टरबाईंना द्यायला आणलेले सुके बोंबील तेवढे. रिकाम्या हातानं कसं जायचं कुणाकडे? शेजारी बसलेल्या गुजराती बाईंनी डबा उघडला, तेवढ्यात त्यांना वास आला. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "माजी, वो थैली बाहर रखो. और थेपला अंदर लो."

सगळे हसले. मी तीन थेपले खाल्ले.

सुया केसासारख्या बारीक. खांद्याला लावल्या ते समजलं, पण एक पायाच्या नडगीजवळ! "बाई, दुखतो खांदा!"

"ती खांद्यासाठीच आहे. आता हात हळूहळू वर करा."

टोचल्याचं काही नाही, नुसतं जड जड, मुंग्यांसारखं. हात जरासा सरकला. नंतर पडल्या पडल्या मी घोरले म्हणे. बाईंनी स्पष्ट सांगितलं, "जादू नाही ही. घरी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम रोज करायचा." केला बाई. आठवड्यातून दोनदा हाटकेश, रोज सकाळी भिंत. बोटं आधी खिडकीच्या कडीपर्यंत, मग कॅलेंडरपर्यंत. झोप लागायला लागली, चिडचिड गेली. सून म्हणे, "आई, आता घरात बोलायला बरं वाटतंय."

परवा शेवटची खेप करून परतले. बसमधून उतरले ती थेट वलांडीकडे. सून वरच्या दोरीला जोड्या टाकत होती.

"सरक," म्हटलं, "एक जोडी दे."

"आई, नको. पुन्हा धरंल."

"दे म्हणते ना!"

हात उचलला. कानाजवळ जरा अडला, चरचरला. मी दम घेतला आणि पुढे नेला. जोडी दोरीवर बसली, सुमे! सून ओरडली, "गेला की ओ हात वर!" आजूबाजूच्या बायका कामं टाकून धावल्या. मी त्यांच्यादेखत आणखी दहा टाकल्या. सुनेनं स्वतःहून मधली दोरी धरली.

सुयांनी झालं की भिंतीनं, देव जाणे. इतकं मात्र कळलं, दुखणं लपवून कुणी बरं होत नाही. घराबाहेर पाऊल टाकावं लागतं. तुझा गुडघा सुयांना मानेल की नाही, ते डॉक्टरबाई बघून सांगतील. पण तू ये. हंगाम सरायच्या आत ये, पट्टा बांधून ये, हवं तर लेकाला तुला आणायला पाठवते. मात्र येशील त्या दिवशी पोटभर खाऊनच नीघ.