दमटात उघडलेलं मडकं

हां, तर लान तिंगमावनं मडक्याचं झाकण काढलं आणि आतून बुरशीचा वास आला. चेहरा असा उतरला, की जणू शेजाऱ्याची कोंबडी चोरताना धरला गेलाय.

मडकं त्याच्या लेकीचं, रुईचूचं. तिच्या लग्नाच्या वसंतात तिच्या आईनं, शिऊलाननं, फूदिंगच्या डोंगरउतारावर चहाच्या कळ्या खुडल्या होत्या. पांढऱ्या चहाला भाजणं नाही, मळणं नाही. सुपांवर पातळ पसरायचा आणि वाऱ्या-उन्हाच्या हवाली करायचा. हात लागला की पान काळवंडतं. नवऱ्याला ती जवळ फिरकू द्यायची नाही. "तुमची बोटं म्हणजे नांगराचे फाळ," म्हणायची. मग मडकं भरून तोंड बांधलं आणि बजावलं, "जुना झाला की नातवंडाच्या गोवरावर औषध म्हणून लागेल. दमटात झाकण हलवायचं नाही." त्याच साली, आलुबुखार पिकतात त्या झिरपत्या पावसात, ती गेली.

तेव्हापासून दर वर्षी तिच्या तिथीला तिंगमाव झाकण काढायचा. भिंतींना पाणी सुटलेलं, आणि हा मडक्यात नाक खुपसून बसलेला. आधी वाळल्या गवताचा वास यायचा, मग मधाचा, पुढे खजुराचा. चहा मुरत होता. ओलही मुरत होती, ते त्याच्या नाकाला कळलं नाही.

आता रुईचूच्या मुलीला गोवर निघाला होता आणि ती मडकं न्यायला येणार होती.

शेजारची लेई म्हणाली, "दादा, माझा जुना चहा घ्या नि भरा त्यात. शहरात राहून पोरीचं नाक बधिर झालंय, तिला काय कळणार?"

त्यानं लेईचा चहा आणला खरा, पण मडक्यात ओतायला हात धजेना. दोन्ही दारात मांडून बसला.

रुईचू आली. मडक्याशी वाकली आणि तशीच थांबली. तिंगमावनं जमिनीकडे बघत सगळं सांगून टाकलं.

"हा लेईचा ने. तुझ्या आईचा मी घालवला."

"दर वर्षी उघडत होतात, बाबा?"

"दर वर्षी."

"अहो, वास घ्यायचाच होता तर थंडीत तरी घ्यायचा."

"थंडीत मन आवरता यायचं, पोरी. त्या दिवशी नाही यायचं. तुझ्या लेकीचं औषध आहे ते, एवढंही भान राहिलं नाही मला."