झिशेरुंग आणि दोन किल्ल्या

आत्मारामराव केसकरांच्या घरात पिस्तूल आहे, हे मला मसुरीच्या आमटीच्या तिसऱ्या वाटीला कळलं. त्याआधीच्या दोन वाट्यांना मला काही कळायची सोयच नव्हती. स्टुटगार्टच्या विद्यार्थी-खानावळीत आठवडाभर उकडलेले बटाटे खाल्लेला माणूस रविवारी आगगाडीने नेकारसुल्मला येऊन वसुधावहिनींच्या हातचं जेवायला बसला, की पहिल्या वाटीला तो नुसतं पोट असतो. दुसरीला त्याचे डोळे उघडतात. कान उघडायला तिसरी लागते.

तर कान उघडले आणि ऐकू आलं, "भावजी, यांना सांगा, एक तर ते या घरात राहील, नाहीतर मी राहीन."

'ते' म्हणजे कोण, हे विचारायचं मला धैर्य होईना. जर्मन व्याकरणात लग्नाच्या वयाची मुलगीसुद्धा 'ते' असते, त्यामुळे क्षणभर माझ्या मनात भलतीच शंका आली. मी आत्मारामरावांकडे बघितलं. सांगलीच्या घड्याळजीचा हा मुलगा, चाळिशी लावलेला, पानातली कोशिंबीरसुद्धा काटकोनात वाढून घेणारा. त्यांच्याकडून असलं काही? छे!

"पिस्तूल आहे हो," आत्मारामराव म्हणाले. 'लोणचं आहे हो' म्हणावं तितक्या सहज.

हा माणूस छप्पन साली नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात शिकायला आला, आणि काम इतकं चोख करू लागला की तिथेच ठेवून घेतला गेला. पहिले सहा आठवडे त्यांनी लोखंडाचा एक ठोकळा कानशीने घासला. नुसता घासला. शिकवणारे माइस्टर फ्लायडरर रोज संध्याकाळी ठोकळा उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटायचे आणि "नाइन", म्हणजे नाही, म्हणायचे. बेचाळिसाव्या दिवशी "या", म्हणजे हो, म्हणाले. आत्मारामराव सांगायचे, "माझ्या लग्नाला वसुधेच्या वडिलांनी होकार दिला, तेव्हासुद्धा मला इतकं बरं वाटलं नव्हतं." हे ते वहिनींच्या देखत सांगायचे, यावरून तो संसार कसा होता ते कळेल.

वहिनी तेव्हा अजून सांगलीलाच होत्या. गावात यांच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. फ्लायडररांनी हे ओळखलं आणि एका शनिवारी, काही न विचारता, ते यांना आपल्या नेमबाजांच्या फेराइनमध्ये घेऊन गेले. फेराइन म्हणजे मंडळ. जर्मन माणूस एकटा असला तर काम करतो, दोघे भेटले तर हवेबद्दल बोलतात आणि तिघे जमले की फेराइन काढतात. आत्मारामरावांनी आयुष्यात कधी बंदूक धरली नव्हती, पण लहानपणापासून वडिलांशेजारी बसून चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरली होती. हात हलायचा म्हणून नाही. दहापैकी आठ गोळ्या काळ्या वर्तुळात बसल्या. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, पाठीत धपाटे घातले आणि त्या दिवसापासून 'हेर केसकर'चा, म्हणजे श्रीयुत केसकरांचा, 'आत्मा' झाला. जर्मनांना 'राम' जड जात होता की काय कोण जाणे, त्यांनी आत्मा तेवढा घेतला.

पुढे वहिनी आल्या, शुभा झाली, सात वर्षं गेली. फ्लायडररांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्रेसष्टच्या वसंतात त्यांनी आपलं स्पर्धेचं पिस्तूल चामड्याच्या पेटीत घालून आत्मारामरावांच्या हातात दिलं. "मला मुलगा नाही," एवढंच म्हणाले. कचेरीतले सगळे कागद आधीच करून ठेवले होते, कारण फ्लायडरर भावनेच्या भरातसुद्धा शिक्के विसरणारे नव्हते.

आता अशी भेट नाकारायची कशी? आणि घरी न्यायची कशी?

आत्मारामरावांनी ती घरी नेली. मग त्या रविवारी, माझ्यासमोर जेवता जेवताच, वहिनींना समजावायला बसले, आणि घोटाळा तिथे झाला.

"अगं, त्याला झिशेरुंग आहे," ते म्हणाले. चाप अडवून धरणारी जी कळ असते, तिला जर्मनमध्ये झिशेरुंग म्हणतात. पण वहिनींचं जर्मन जिन्यात, वाण्याकडे आणि घरमालकाशी बोलताना घडलेलं. त्यांना झिशेरुंग एकच माहीत होतं. विजेच्या शेगडीवर आमटी उकळत असताना इस्त्री लावली, की फट्‌ आवाज होऊन जे जातं आणि मग अंधारात ज्याला शोधत जिन्याखाली जावं लागतं, ते. विजेचा फ्यूज.

वहिनींनी कमरेवर हात ठेवले. "आपल्या घरातलं झिशेरुंग आठवड्यातून दोनदा जातं. त्याचं गेलं म्हणजे?"

"अगं, ते वेगळं झिशेरुंग!"

"नाव तर तेच आहे ना?"

आत्मारामरावांनी मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी आमटीकडे बघितलं, आणि मी यंत्रशास्त्रात डॉक्टर होण्याच्या वाटेवर होतो.

"आणि ते रिकामं आहे गं," ते शेवटी म्हणाले.

वहिनींनी आमटीचं पातेलं उचलून आत नेलं. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी थेट बोलणं बंद केलं. रविवारचं दळणवळण माझ्यामार्फत चालू लागलं. "भावजी, यांना विचारा, भात वाढू का?" "विनय, तिला सांग, थोडा." दोघांमध्ये दीड हाताचं टेबल आणि मी मधलं टेलिफोन एक्स्चेंज.

वहिनींनी मागितलं होतं एवढंच की ते घरातून जावं. आत्मारामरावांनी केलं असं की ते दिसेनासं केलं. कपाटाच्या वर, जुन्या सूटकेसमध्ये, लोकरीच्या कपड्यांखाली. सूटकेसला कुलूप नव्हतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर भांडणारा माणूस, पण घरात शिरला की 'एवढ्या उंचावर कोण जातंय' असं म्हणणारा सगळ्या नवऱ्यांतला एक नवरा झाला.

त्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारी शुभा माझ्या मांडीवर बसली होती. चार वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र बरंचसं जर्मनमधून. मी तिला विचारलं, "काय गं, तुझी बाहुली कुठे आहे?"

"श्लेफ्ट," ती म्हणाली. झोपलीय. मग माझ्या कानाशी येऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पापाचं पिस्टोलेसुद्धा श्लेफ्ट. इम कॉफर. ओबेन." पापाचं पिस्तूलसुद्धा झोपलंय. सूटकेसमध्ये. वरती. आणि तिने कपाटाकडे बोट केलं. खुर्ची, खुर्चीवर स्टूल, स्टुलावरून कपाट. चकलीचा डबा ती त्याच वाटेने काढायची.

आत्मारामरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला तो बशीवर आपटला.

वहिनी ओरडल्या नाहीत. शुभाला उचलून घेतलं, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्या सरळ नवऱ्याशी बोलल्या. "अहो, आमच्या नानांकडे रानडुकरांसाठी बंदूक होती. खुंटीवर असायची. एकदा पुसायला काढली. आई म्हणाली, जपून. नाना म्हणाले, रिकामी आहे गं. माझ्या धाकट्या भावाला, सुधीरला, आईने दूध पाजायला पाळण्यातून उचलून घेतलं होतं, नुकतंच. बार उडाला, पाळण्याच्या दोन फळ्या गेल्या." थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्ही अगदी नानांसारखं म्हणालात. तोच शब्द."

आठ वर्षांच्या संसारात त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नव्हतं.

आत्मारामराव उठले, सूटकेस उतरवली, चामड्याची पेटी पिशवीत घातली आणि मला म्हणाले, "चल." भर दुपारी, जेवण अर्धं टाकून आम्ही द्राक्षमळ्यांच्या कडेने फ्लायडररांच्या घरी निघालो. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "म्हातारा परत माझ्याशी बोलणार नाही, विनय." त्या गावात त्यांना आपलं म्हणणारा पहिला माणूस तो होता. ते पिस्तूल परत करायला चालले नव्हते, सात वर्षं परत करायला चालले होते.

फ्लायडररांनी सगळं ऐकून घेतलं. सूटकेसचं ऐकताना त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि त्या बघून आत्मारामराव शिकाऊ असतानासारखे खाली मान घालून उभे राहिले. झिशेरुंगची गोष्ट मी सांगितली. वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून, हसत सांगितली. फ्लायडरर हसले नाहीत.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, "फ्राऊ केसकर बरोबर बोलतात. झिशेरुंग जातं. फ्यूजचं जातं, पिस्तुलाचंही जातं. चाळीस वर्षं मी पोरांना हेच शिकवतो, झिशेरुंगवर विसंबू नका. हे तुला, आत्मा, मी शिकवलं होतं. तू विसरलास. तिला कुणी शिकवलं नाही, तरी तिला माहीत आहे."

मग त्यांनी पेटी ठेवून घेतली आणि आम्हाला जायला सांगितलं. परतताना आत्मारामराव माझ्या दोन पावलं मागून चालत होते.

पुढच्या रविवारी आमटीची पहिलीच वाटी चालू असताना दारावरची घंटा वाजली. दारात फ्लायडरर, सूट घातलेले, मागे केक घेतलेल्या फ्राऊ फ्लायडरर, आणि दोघांच्या मध्ये हातगाडीवर एक लोखंडी पेटी. आठवडाभर खपून म्हाताऱ्याने ती स्वतः घडवली होती. अधू डोळ्यांनी, बोटांनी चाचपून. जाड पत्रा, आतल्या बिजागऱ्या, आणि झाकणाला दोन कुलपं. दोन्ही वेगळी, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या.

ते वहिनींसमोर उभे राहिले आणि कारखान्याच्या साहेबाला नवीन यंत्र दाखवावं तसं सांगू लागले. आत्मारामराव मराठी करून सांगत होते, पण वहिनींनी त्यांना थांबवलं आणि स्वतःच्या जिन्यातल्या जर्मनमध्ये विचारलं, "गोळ्या कुठे?"

"फेराइनच्या कुलपात. इथे एकही येणार नाही."

"पेटी कुठे?"

"खाली केलरमध्ये, तळघरात. भिंतीत चार बोल्टांनी. हलणार नाही."

"कुणी उचकटली तर?"

"एक तास लागेल आणि सगळी गल्ली जागी होईल."

"आणि ते रिकामं आहे कशावरून?"

फ्लायडररांनी पेटी उघडली. त्यांनी पिस्तूल काढलं, तोंड जमिनीकडे धरलं, उघडलं आणि रिकामी जागा वहिनींना दाखवली. मग फ्राऊ फ्लायडररनीही वाकून बघितलं, आणि मान हलवली. "लग्नाला अडतीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "हा दर शनिवारी मला सांगतो, रिकामं आहे. मी दर शनिवारी सांगते, दाखव."

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्लायडरर म्हणाले. "सांगायचं नाही, दाखवायचं."

मग एक किल्ली त्यांनी आत्मारामरावांच्या हातावर ठेवली. दुसरी ठेवली वहिनींच्या. "दोन्ही लागतात," ते म्हणाले. "तुमची नसेल तर उघडत नाही. तुम्ही 'नाइन' म्हणालात की नाइन."

वहिनींनी किल्ली हातात घेऊन वजन बघितलं. आत्मारामराव समोर उभे होते, ठोकळा उजेडाकडे धरलेला असावा तसे. मग वहिनींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. सांगलीच्या कपाटाची, इथल्या ट्रंकेची, फडताळाची, आणि त्यात ही नवी अडकवली.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "यांना विचारा, आमटी चालेल का? मसुरीची आहे, यांच्याकडेही मसूर खातात."

मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालो, तो त्या दिवशी.

त्यानंतर दर शनिवारी आत्मारामराव आपली किल्ली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. वहिनी हात पुसून जुडगा काढायच्या, दोघे मिळून खाली जायचे, ते मंडळातून परत आल्यावर पुन्हा दोघे मिळून खाली. 'दाखवा.' बघून झालं की कुलूप. शुभाला कांजिण्या आल्या तेव्हा वहिनींनी महिनाभर किल्ली दिली नाही. "हिच्या अंगाची आग होतेय आणि तुम्हाला नेम सुचतोय." आत्मारामराव निमूट मुलीशेजारी बसून राहिले. मंडळात विचारणा झाली तर फ्लायडररांनी परस्परच सांगितलं, घरून 'नाइन' आहे. तिथे कुणी हसलं नाही म्हणे.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी मुद्दाम गेलो. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा असते. टेबलावर आत्मारामरावांचं मापाचं उपकरण, वहिनींचं शिवणयंत्र, माझी हिशेबाची फूटपट्टी, शुभाचे खडू, आणि झेंडू मिळेना म्हणून फ्राऊ फ्लायडररच्या बागेतली शेवंती. फ्लायडररही आले होते. आत्मारामरावांनी घसा साफ केला. "अगं, आजच्या दिवशी... म्हणजे खरं तर शस्त्र..."

"कळलं," वहिनी म्हणाल्या. हळदीकुंकवाची कोयरी घेऊन त्या जिना उतरू लागल्या. आम्ही सगळे मागोमाग. बटाट्यांच्या पोत्याशेजारी भिंतीतली ती पेटी. आत्मारामरावांनी आपली किल्ली पुढे केली. वहिनींनी जुडग्याला हातही लावला नाही. त्या वाकल्या आणि दोन्ही कुलपांना हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं, नमस्कार केला.

"आणि आतलं?" आत्मारामराव म्हणाले.

"आतल्याचं काय कौतुक? पूजा राखणाऱ्याची." आणि त्या शुभाला म्हणाल्या, "नमस्कार कर गं." शुभाने केला, आणि कुलपाला जर्मनमध्ये 'दांके' म्हणाली.

फ्लायडररांनी मला हळूच विचारलं, हे काय चाललंय? मी सांगितलं, तुम्ही केलेल्या कुलपांचे आभार मानताहेत. म्हाताऱ्याने टोपी काढली आणि बराच वेळ ती घातलीच नाही.

त्या घरातल्या रविवारांनी मला त्या देशात उभं ठेवलं, आणि मी पुढे नोकरी लागून गाव सोडलं तरी जमेल तेव्हा जात राहिलो. फ्लायडरर दर तीन महिन्यांनी कुलपांना तेल द्यायला यायचे. लोखंडावर धुळीचा कण खपवून न घेणारा माणूस, पण फडकं कुंकवापाशी आलं की थांबायचं. एका डोळ्याने अदमास घेत, बोटाच्या टोकाने, ते टिळ्याच्या सभोवार गोल तेल लावायचे आणि टिळा तसाच ठेवायचे.