हात धुतले तरी पिवळे

आज घडलेलं आजच लिहिते आहे.

मानकोलीच्या आमच्या गोदामात ग्रीन टीच्या अर्काची पिवळट पावडर ड्रममधून डब्यांत भरतात. मास्क आणि हातमोजे मिळतात, पण उकाड्यात कुणी घालत नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांचे हात-तोंड पिवळे होतात.

आज नळावर सगळ्यांचा रंग वाहून गेला. मंदाताईंचा गेला नाही.

"मंदे, घास जरा! हळदीची नवरी दिसतेस," मागून कुणी हसलं.

मी जवळ गेले. त्यांच्या डोळ्यांतलं पांढरंही पिवळं झालं होतं.

"ताई, ही पावडर खाता का तुम्ही?"

"रोज चमचाभर, पान्यातून. वजन उतरतं. झाडपाल्याची हाय, काय न्हाय होत."

या पावडरीच्या पुढे वजन उतरवायच्या गोळ्या बनतात; एका गोळीत ती चिमूटभरच असते. जास्त झाली तर यकृत बिघडू शकतं, असं ड्रमवर इंग्रजीत छापलेलं आहे. मी रोज त्या ड्रमचे नंबर उतरवून घेते. ती ओळ मात्र आज पहिल्यांदा मोठ्यानं वाचली.

दवाखान्यात जायला रिक्षात बसताना मंदाताई थांबल्या.

"पोरीला पन देते मी."

वाटेत पोरीलाही रिक्षात घेतलं. दोघींच्या रक्ताचे रिपोर्ट उद्या येतील. तुमच्या घरात अशी पावडर कोण कुणाला देतंय, आज विचाराल?