पाणाड्यानं ठेवलेला दगड

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे — थांबा. विहिरीची गोष्ट मी शंभरदा सांगितलीय. लग्नाच्या पंगतीत, मंठ्याच्या चहाच्या टपरीवर, एकदा तर तेराव्याच्या जेवणात — आणि लोक पोट धरून हसले. पण मी सांगतो ती अर्धीच. उरलेली अर्धी सांगायला बसलोय, तर जीभ पुन्हा हसण्याच्या जागेकडंच पळतीय.

धरणात आमचं गाव गेलं तेव्हा सरकारनं मंठ्याच्या अंगाला एका माळावर जमिनी दिल्या. वावर कमी, गोटे जास्त. शेजारीशेजारी दोन घरं उतरली — आम्ही आणि सर्जेरावकाका. रक्ताचं नातं नव्हतं, पण सामान एकाच बैलगाडीतून आलं आणि सुरुवातीला भाकरी एकाच चुलीवर भाजल्या. पत्र्याची खोपटं, तुराट्यांचा कूड, दिवसभर गोटे वेचणं. मी काय करायचो? मी बारावी सायन्स पास — तेही दुसऱ्या फटक्यात. शिकलेला माणूस गोटे वेचत नसतो. ते कसे वेचावेत, हे सांगतो.

पाणी लांबून, ड्रमात भरून गाडीवर यायचं. म्हणून दोन्ही घरांनी मिळून विहीर खणायची ठरवली. पाणाड्या दाखवील तिथं खणायचं. ज्याच्या हद्दीत येईल त्याची विहीर, दुसऱ्याला पाण्याची पाळी. माणसं भली होती हो.

पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी फिरायचं, खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना तो काकांना म्हणाला, "नारळ तुमच्याकडं ओढ घेऊन राह्यलाय, पाटील." काकी अशी खुलली! घरात आठ दिवसांपूर्वीच सून आल्ती. लक्ष्मीच आली म्हणाली.

सकाळी पाणाड्या एकटाच फिरला, कारण तो फिरताना मागं कुणी जायचं नसतं. जागा सापडली तिथं हळद लावलेला दगड ठेवला आणि 'दगड ठेवलाय, जाऊन बघा' एवढंच सांगून, एसटी चुकेल म्हणून निघाला. दोन्ही घरची माणसं त्याला सडकेपर्यंत पोचवायला गेली. माळावर मी उरलो. आणि दगड. काकांच्या हद्दीत, चांगला आतमध्ये.

मी तो उचलून आमच्या हद्दीत आणून ठेवला.

का? गंमत! आता इथं खणतील, खडक लागेल, आणि मंग मी सगळ्यांपुढं उभा राहून पाणाड्याचं ढोंग फोडीन — असा माझा विज्ञानवादी बेत होता. आमच्याच वावरात विहीर असावी असं मनात आलं नव्हतं? आलं होतं. दोन्ही खरं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. लागलं पाणी. असं लागलं की खालचे गडी ओरडत वर आले, आणि मी काठावर तोंड उघडं टाकून उभा. विज्ञान गेलं, बेत गेला. इथं लोक हसतात. इथंच मी गोष्ट संपवतो.

पण पाणी लागण्याच्या आधी — त्याच सकाळी — काय झालं ते ऐका.

सगळे सडकेवरून परत आले. दगड आमच्या हद्दीत बघून काकीचा चेहराच उतरला. "काल नारळ आमच्याकडं ओढत होता, आज फिरला? कोणाचा पाय पडला घरात?" बोलायची कुणाला गरज नव्हती. सगळ्यांनी नव्या नवरीकडं बघितलं. ती सडकेवर गेलीच नव्हती, मागं ड्रमाजवळ भांडी घासत होती; मी तिला धरलंच नव्हतं. काकी म्हणालीच, "पांढऱ्या पायाची आणली मी."

ती उठली. पदर डोक्यावर ओढला. खाली बघत, पण नीट ऐकू येईल असं म्हणाली, "भाऊजींनी उचलला दगड. मी पाह्यलं."

काका माझ्याकडं बघायला लागले. आमचे आण्णा बघायला लागले. काकी म्हणाली, "काय रे दिग्या? खरं का?"

एक 'हो' पुरला असता. आण्णांनी एक थोबाडीत दिली असती, दगड परत गेला असता, दुपारपर्यंत सगळे विसरले असते. मी काय म्हणालो?

"काकी, आई रोज बोंबलती, हा जेवलेलं ताट उचलत न्हाई. अन् मी दगड उचलीन?"

आई आधी हसली. मंग आण्णा, मंग काका. शेवटी काकीसुद्धा. नव्या नवरीचा नवरा रामाही हसला — आणि हसू संपल्यावर सगळ्यांदेखत त्यानं तिच्या कानाखाली मारली. शेजाऱ्यावर आळ घेते म्हणून.

मी हादरलो. खरंच हादरलो. माझ्या एका विनोदात एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं. ती मात्र रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली, जणू मी आता बोलेनच.

पाणी लागलं आणि पांढरा पाय पक्का झाला. महिन्याच्या आत तिला भोकरदनकडं माहेरी नेऊन घातली. आणायला कुणी गेलं नाही. रामानं दुसरं लग्न केलं — त्या वरातीत सगळ्यांत जास्त मी नाचलो. काका, काकी, आण्णा सगळे गेले. त्या प्रत्येकाच्या जितेपणी मला बोलता आलं असतं. मी गोष्ट सांगत राहिलो, अर्धी.

मागच्या वर्षी भोकरदनच्या स्टँडवर ती दिसली. केस पांढरे, हातात मेथीची पिशवी. तिनं ओळखलं. "भाऊजी, विहिरीला पाणी हाय का अजून?" मी म्हणालो, "हाय." "बरं," म्हणाली, आणि गाडीत चढली. तेव्हाही, सांगायला लाज वाटते, माझ्या ओठांवर आधी विनोदच आला होता.

आमच्या वस्तीवर तिचं नाव कुणी घेत नाही. नव्या पोरांना तर ती होती हेही माहीत नाही. नाव सुशीला. ती खरं बोलली होती.