गंजातला खर्ज

मला इतरांपेक्षा जास्त ऐकू येतं, असा माझा मागच्या रविवारपर्यंत समज होता.

त्याच भरवशावर मी नागपूरहून दोन भारी स्पीकर मारेगावला आणले. दुकानदार म्हणाला होता, पसंत पडले नाहीत तर सात दिवसांत परत. (हे मी घरी सांगायला नको होतं.)

"मोबाईलमधून वाजते तेच गाणं ह्याच्यातून वाजते न?" माझी बायको सुनीता म्हणाली.

"गाणं तेच, पण फरक कानाले समजला पाहिजे."

"मंग डोळे बांधून वळखा. चुकले तर हे डबे वापस."

मी हसत हसत डोळ्यांवर दुपट्टा बांधला. पहिलं गाणं वाजलं.

"आहाहा, खर्ज पहा! तबलजीचं बोटन्‌बोट दिसून राह्यलं मले. हेच स्पीकर."

दुसरं वाजलं.

"हा मोबाईल. टिनावर गोटे पडल्यावाणी."

मी दुपट्टा सोडला. समोर बाबा स्वयंपाकघरातला भात शिजवायचा मोठा गंज मांडीवर घेऊन बसले होते आणि गंजात मोबाईल होता. कापूस वेचायच्या दिवसांत ते शेताच्या धुऱ्यावर असाच रिकाम्या गंजात मोबाईल ठेवतात, म्हणजे वेचणाऱ्या बायांना पार पलीकडच्या ओळीपर्यंत गाणी ऐकू जातात. टिनावर गोटे माझ्या स्पीकरांनी पाडले होते.

सुनीता खोकी शोधायला उठली. मी रडकुंडीला आलो. "एक शेवटचं लावू दे न," म्हणत मी घरी झालेल्या बाबांच्या भजनाचं जुनं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. मोबाईलवर शंभरदा ऐकलेलं.

भजनाच्या मागून, पार स्वयंपाकघरातून, एक बारीक आवाज आला, "आता बस करा जी, सूर कवाचाच पळून गेला."

आई! तिला जाऊन तीन वर्षं झाली. मोबाईलमधून तिचं हे बोलणं कधी ऐकूच आलं नव्हतं. बाबा गंज खाली ठेवून स्पीकरला कान लावून बसले.

"जलमभर मले असंच बोलली," ते हसले. "पुन्हा लाव."

सुनीतानं खोकी गुपचूप माळ्यावर टाकली.

आता बाबा रोज सकाळी स्पीकरसमोर बसून आईची बोलणी खातात आणि मग भजनाला बसतात. तीन वर्षांनी पेटी बाहेर निघाली आहे. आईला सूर दाखवूनच सोडतो, म्हणतात. मला स्पीकरला हात लावू देत नाहीत. मी स्वयंपाकघरात मोबाईल गंजात ठेवून गाणी ऐकतो, सुनीताला भातासाठी गंज लागेपर्यंत. आणि खरं सांगू? खर्ज त्याच्यातच चांगला लागतो.