आवाज नीट, हात अडकलेले

माझी आक्का जन्मापासून बहिरी. ती हातांनी बोलते, आणि भरपूर बोलते. तिची एक मैत्रीण धाराशिवला असते; मूकबधिर शाळेच्या वसतिगृहापासूनची, तीही हातांनीच बोलणारी. गेल्या उन्हाळ्यात त्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न झालं आणि नेमकं त्याच आठवड्यात आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तिला जाता आलं नाही. मोबाइलवर लिहून माफी मागितली, तर तिकडून उत्तरच नाही. मग एक दिवस तिकडून आमच्या गावी, भूमला, येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पेन ड्राइव्ह आला. मैत्रिणीचा मुलगा लग्नाचे व्हिडिओ काढतो. आईचं म्हणणं त्यानं आपल्या भारी कॅमेऱ्यावर टिपून पाठवलं होतं.

माझ्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिकांसाठी घेतलेला एक जुना कॉम्प्युटर घरात आहे. मी व्हिडिओ लावला आणि आतला पंखा एवढा का घरघरतोय म्हणून खाली वाकले. मैत्रिणीच्या घरातला कुकर शिट्टी देत होता, बाहेर कुणीतरी भांडत होतं, सगळं सलग ऐकू येत होतं. चाललंय की झकास, असं मी मनात म्हणतेय तोवर आक्कानं टेबलावर थाप मारली. पडद्यावर मैत्रिणीचे हात हवेत थिजले होते. मग एकदम भलतीकडं दिसले आणि पुन्हा थिजले. जन्मभर या बहिणीबरोबर राहून मी व्हिडिओ कानानं तपासत होते.

आक्काच्या हाती एवढंच लागलं: ‘लग्नाला आली नाहीस’, आणि पुढं कुठंतरी ‘नको’. काय नको? येऊ नको? इतक्या वर्षांची मैत्री तुटली की काय, या धास्तीनं तिचा चेहरा उतरला.

एखादी गोष्ट का अडली हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. मैत्रीण गप्प बसली की चित्र सुरळीत, हात उचलले की अडकलंच. शोधत गेले तेव्हा कळलं, व्हिडिओत प्रत्येक चित्र पुरतं साठवलेलं नसतं; बहुतेक वेळा आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच असतं, बाकी कॉम्प्युटरनं जुळवायचं. मागची भिंत हलत नाही, तिचं काम थोडं. बोटं हलली की काम वाढतं. मग मागं पडलेला कॉम्प्युटर मधली चित्रं गाळून आवाजाला गाठतो. म्हणजे कुकरची शिट्टी सांभाळायला हा बाबा नेमकं बोलणंच टाकून देत होता! मला त्याचा रागही आला आणि गंमतही वाटली.

बाकीचे प्रोग्रॅम बंद केले, दुसरा प्लेअर टाकला. फरक पडेना. मग वेग निम्मा केला आणि हात सलग दिसले: ‘माफी नको.’ बघ, येऊ नको म्हणालीच नाही, असं मी आक्काला सांगितलं. ती आणखीच बिथरली.

“ती चिडली की हात झटकते. ही तर झोपेत बोलल्यासारखी बोलतीय. माफी नको म्हणजे कसं नको, मला काय कळणार?”

पुढचं बघायला ती तयार होईना. तिचं बरोबर होतं. हातांचा वेग हाच तिच्यासाठी आवाज होता.

शेवटी मी तो व्हिडिओ या कॉम्प्युटरला पेलेल अशा जुन्या प्रकारात बदलायला लावला. चित्र लहान केलं, पण सेकंदाला जेवढी चित्रं होती त्यातलं एकही कमी केलं नाही. दुपारभर ते काम चाललं. मी प्रश्नपत्रिका हातानं लिहीत बसले आणि आक्का शिवणयंत्रापाशी नुसतीच बसून राहिली.

यावेळी हात अडकले नाहीत. ‘माफी नको’ म्हणताना मैत्रिणीनं मनगट सैल सोडून डास हाकलावा तसा हात हलवला, आणि तशीच झरझर पुढं बोलली: “लग्नातली तुझ्या मानाची साडी ठेवलीय. ये आणि घेऊन जा.”

आक्का हसली, मग रडली, मग पडद्याकडं बघत इतक्या वेगानं बोलू लागली की मलाही अर्धंच कळलं. मी म्हटलं, थांब, तुझाही व्हिडिओ काढून पाठवू. तिनं नकारार्थी मान हलवली आणि मला विचारलं, धाराशिवची पहिली एसटी किती वाजता आहे?