हजार वर्षांचं भांडण

परदेशातल्या शॉमबर्ग गावच्या ऑफिसात गुरुनाथ हल्ली डबा उघडतो तो खाली मान घालूनच.

तिथे रोज सर्बियाच्या द्रागानची आणि बल्गेरियाच्या बोय्कोची जुंपायची.

"तुमच्या राजानं आमचा देश जाळला!" द्रागान म्हणायचा.

"तुम्हाला कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटानं फूस दिली होती!"

मग दोघं एकच पाव मोडून खायचे.

"हजार वर्षं झाली, सोडा की यार!" म्हणत गुरुनाथ खो खो हसायचा.

एकदा नागपूरहून नवा आलेला विवेक शेजारी बसला. गुरुनाथनं थालीपीठ पुढे केलं आणि सवयीनं आडनाव विचारलं.

"गजभिये."

जात कळली आणि गुरुनाथचा हात डब्यासकट मागे आला. विवेकनं आपला डबा उघडला. त्याला हे नवं नव्हतं.

बोय्कोनं मात्र भाबडेपणानं विचारलं, "तुमच्यात कुठलं युद्ध झालं होतं?"